ड्रॉपशिपिंगने गाड्यांचे सुटे भाग विकायचे आहेत: पुरवठादाराची अख्खी यादी एकदम चढवावी का?

प्रश्न: चाक_चावी

नमस्कार मंडळी. गाड्यांचे सुटे भाग ऑनलाइन विकायचं ठरवलं आहे. माल स्वतःकडे साठवायचा नाही. ऑर्डर आली की पुरवठादाराला कळवायची आणि त्याने थेट ग्राहकाच्या पत्त्यावर माल पाठवायचा. एका पुरवठादाराशी बोलणं झालं आहे. त्याच्या यादीत साधारण ४०,००० आयटम आहेत. फोटो, वर्णन आणि किंमत असलेली सीएसव्ही फाइल (साधा तक्ता) तो दिवसातून एकदा पाठवतो. फाइलमध्ये प्रत्येक भागापुढे गाडीचं नाव आणि वर्षं दिलेली आहेत.

विचारायचं आहे ते असं. ही अख्खी यादी एकदम दुकानात चढवावी, की थोड्या भागांपासून सुरुवात करावी? थोडेच घ्यायचे तर कोणते? भाग गाडीला बसेल की नाही हे ग्राहकाला खात्रीने कसं सांगायचं? आणि परत आलेल्या मालाचं काय करायचं? तो तर आपल्याकडून गेलेलाच नसतो.

---

उत्तर: कॅटलॉग_टेबल

यादी एकदम चढवू नका. कारण तुमच्या प्रश्नातच आहे: "गाडीचं नाव आणि वर्षं". एवढ्या माहितीवर सुटा भाग विकता येत नाही.

पुरवठादाराकडची मूळ माहिती बहुतेक वेळा चांगली असते. उत्तर अमेरिकेत ती एसेस नावाच्या साच्यात असते, तर भागाची मापं, वजन, खोक्याचा आकार वगैरे पाइज या वेगळ्या साच्यात. युरोपात टेकडॉक चालतं आणि तिथे प्रत्येक गाडीच्या प्रकाराला के-टाइप क्रमांक असतो. या साच्यांत गाडीच्या नावाखेरीज अटी असतात: "३०० मिमी डिस्क असलेल्या गाडीला", "अमुक चॅसी नंबरपर्यंत", "वेअर सेन्सरसह" (पॅड झिजल्याचं सांगणारा सेन्सर). खरी माहिती या अटींमध्येच असते. पुरवठादार तिची सोपी सीएसव्ही करून देतो तेव्हा नेमका अटींचा रकाना गळतो. उरतं फक्त मॉडेल आणि "२०१२ ते २०१६". मग एकाच गाडीला ब्रेक पॅडचे तीन वेगळे संच "बसतात" असं दिसतं, आणि ग्राहक त्यातला सगळ्यात स्वस्त उचलतो.

म्हणून पहिली मागणी ही करा: सीएसव्ही नको, अटींसकट मूळ फिटमेंट फाइल (कुठला भाग कुठल्या गाडीला बसतो त्याची) द्या. ती देता येत नसेल, तर ज्या भागांना अटीच लागत नाहीत तेवढेच त्याच्याकडून घ्या.

वर्षाबद्दलही सांगतो. ग्राहक नोंदणीचं वर्ष सांगतो, कॅटलॉग उत्पादनाचं किंवा मॉडेलचं वर्ष धरतो. नोव्हेंबरात बनलेली गाडी फेब्रुवारीत नोंदवली की वर्ष बदललं. त्यात फेसलिफ्ट (त्याच मॉडेलचं बदललेलं रूप) वर्षाच्या मध्यात आला असेल, तर एकाच वर्षाच्या दोन गाड्यांचे हेडलाइट वेगळे निघतात. अशा भागांसमोर महिना लिहिलाच पाहिजे.

यातून सुटण्याचा मार्ग म्हणजे चॅसी नंबर, म्हणजेच व्हीआयएन. तो १७ खुणांचा (अक्षरं आणि अंक मिळून) असतो आणि त्यात आय, ओ आणि क्यू ही तीन इंग्रजी अक्षरं कधीच नसतात, कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात. ऑर्डरच्या फॉर्ममध्ये रकाना ठेवा. कुणी ओ टाइप केला तर तो शून्य धरा, आय टाइप केला तर एक. नंबर भरला असेल आणि त्यात १७ पेक्षा कमी खुणा असतील तर फॉर्म पुढे जाऊ देऊ नका. एक मोठा अपवाद, जपानच्या देशी बाजारातल्या गाड्या. त्यांचा फ्रेम नंबर छोटा असतो आणि मध्ये आडवी रेघ असते.

दुसरा मार्ग जुन्या भागावरचा ओई नंबर, म्हणजे गाडीच्या कंपनीने त्या भागाला दिलेला क्रमांक. शोधताना त्यातल्या मोकळ्या जागा, टिंबं आणि रेघा काढून टाका, नाहीतर तोच नंबर सापडत नाही. शेवटचं अक्षर मात्र कधीही काढू नका. पुष्कळ कंपन्या भागात सुधारणा केली की तेच अक्षर बदलतात. नवा भाग जुन्याच्या जागी सहसा चालतो, पण जुना नव्याच्या जागी चालेलच असं नाही.

क्रॉस-रेफरन्स तक्त्यांत (कुठल्या भागाऐवजी कुठला चालतो ते सांगणाऱ्या) एक चूक हमखास सापडते. "क" हा भाग "ख"च्या जागी चालतो आणि "ग"सुद्धा "ख"च्या जागी चालतो, म्हणून "क" आणि "ग" एकच, असं धरलं जातं. ते खोटं असू शकतं. सेन्सरच्या खाचेचे ब्रेक पॅड बिनसेन्सरच्या गाडीला चालतील. उलटं केलंत तर डॅशबोर्डवरचा दिवा विझणार नाही.

डावं-उजवंही स्पष्ट लिहा: "चालकाच्या आसनावर बसून पुढे पाहताना डावी बाजू". समोर उभं राहून पाहणारे उलटी ऑर्डर देतात. हेडलाइट, वायपर आणि स्टिअरिंग रॅकला स्टिअरिंग कुठल्या बाजूला आहे हेही हवं. डावीकडून वाहतूक चालते तिथला हेडलाइट उजवीकडून चालणाऱ्या देशात लावला, तर समोरच्या चालकाच्या डोळ्यांवर झोत जातो.

---

उत्तर: आटे_आणि_गॅस्केट

वरचं सगळं बरोबर आहे. कोणते भाग घ्यावेत ते गॅरेजच्या बाजूने सांगतो.

सुरुवात केबिन फिल्टर आणि एअर फिल्टरपासून करा. हे हलके असतात, फुटत नाहीत, आणि मुख्य म्हणजे ग्राहक स्वतः पट्टीने लांबी, रुंदी, उंची मोजून तुमच्या मापाशी ताडू शकतो. तीनही मापं मिलिमीटरमध्ये लिहा आणि फोटोत पट्टी दिसू द्या. वायपरही चालतील, पण लांबीबरोबर अडकवण्याचा प्रकार लिहा. आकडा (हुक), बाजूची पिन, दाबाचं बटण असे प्रकार असतात, आणि पुष्कळ गाड्यांत दोन्ही बाजूंची लांबी वेगळी असते.

ऑइल फिल्टर मात्र दिसतो तितका सोपा नाही. इंजिनावरच्या नळीचे आटे बहुतेक दोन प्रकारचे: २० मिमी व्यासाचे, १.५ मिमी अंतराचे मेट्रिक. नाहीतर पाऊण इंच व्यासाचे, इंचाला १६ आटे. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिमी, आणि इंचाला १६ म्हणजे आट्यांमधलं अंतर सुमारे १.५९ मिमी. हे दोन इतके जवळजवळ आहेत की मेट्रिक फिल्टर पाऊण इंची नळीवर चढतो. हाताला किंचित सैल लागतो, पण गॅस्केट टेकल्यावर घट्ट वाटतो. इंजिन सुरू झालं, ऑइलचा दाब चढला की तिथून गळती सुरू होते, आणि फिल्टर सुटून सगळं ऑइल रस्त्यावर गेलं तर इंजिन जाम. बाहेरून दोन्ही डबे सारखे, रंग सारखा, उंची सारखी. म्हणून ऑइल फिल्टरच्या पानावर आट्याचं माप, गॅस्केटचा बाहेरचा आणि आतला व्यास, आणि बायपास व्हॉल्व्ह (फिल्टर तुंबला तर ऑइल वळवणारी झडप) आहे की नाही हे लिहिलेलं नसेल तर तो विकू नका.

व्हील बेअरिंग विकणार असाल तर हे वाचा. एबीएसच्या (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी व्यवस्था) गाड्यांत बऱ्याच बेअरिंगच्या एका तोंडाला चुंबकीय कडं असतं. ते सेन्सरच्या बाजूलाच यायला हवं. दोन्ही तोंडं जवळजवळ सारखी दिसतात, म्हणून घाईत बेअरिंग उलटं ठोकलं जातं. गाडी नीट चालते, आवाज नाही, पण एबीएसचा दिवा पेटतो. ग्राहक म्हणतो माल खराब. खरं तर बेअरिंग चांगलं असतं, आणि आता प्रेसने काढल्यावर ते निकामीच होतं. पानावर एक ओळ टाका: "चुंबकीय बाजू सेन्सरकडे, बसवण्यापूर्वी पातळ लोखंडी पिन लावून बाजू ओळखा, कड्यावर हातोडा किंवा जोराचं चुंबक लावू नका."

साइड आरशात जोडणीच्या पिना मोजून लिहा. साधा मोटरचा आरसा, गरम होणारा, घडी होणारा, हे बाहेरून पुष्कळदा सारखेच दिसतात, फरक कनेक्टरमध्ये. कनेक्टरचा जवळून घेतलेला फोटो नसेल तर आरसा, ऑक्सिजन सेन्सर, काच वरखाली करणारी मोटर यांपैकी काहीच चढवू नका. ऑक्सिजन सेन्सरला वायरची लांबी आणि जागाही लागते: कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधीचा की नंतरचा, आणि व्ही इंजिन असेल तर कुठल्या बाजूचा. एक नंबरचा सिलिंडर ज्या बाजूला, ती बँक (सिलिंडरची रांग) एक.

क्लच, ब्रेक, स्टिअरिंगचे बॉल जॉइंट हे पहिल्या वर्षी नकोतच. क्लच प्लेटचा व्यास आणि स्प्लाइनचे (मधल्या भोकातले) दाते दोन्ही जुळावे लागतात, आणि जुळले नाहीत हे गिअरबॉक्स उतरवल्यावर कळतं. मजुरी तोवर झालेली असते आणि ग्राहक ती तुमच्याकडे मागतो. ब्रेकचं तर नावच नको, बिननावाचे तर मुळीच नाहीत. युरोपात बदली ब्रेक पॅडला आर ९० या नियमाखालची मान्यता आणि त्यावरची ई खूण लागते. पॅडच्या कडेला दोन इंग्रजी अक्षरांचा घर्षणाचा कोडही छापलेला असतो. पहिलं अक्षर सामान्य तापमानाचं, दुसरं गरम झाल्यावरचं. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५. ज्या पॅडवर यातलं काहीच नाही, तो कितीही स्वस्त असला तरी माणसाच्या जिवाशी खेळू नये.

---

उत्तर: पार्सल_माप

बंपरचं गणित करून दाखवतो, म्हणजे बाकीचं आपोआप कळेल.

कुरिअर खऱ्या आणि आकारमानाच्या वजनापैकी जे जास्त ते धरतो. एक्सप्रेस कुरिअर बहुतेक लांबी × रुंदी × उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन ५,००० ने भागतात. बंपरचं खोकं १८० × ५० × ४५ धरा. गुणाकार ४,०५,०००, भागिले ५,०००, म्हणजे ८१ किलो. आतला प्लास्टिकचा बंपर उचलून बघा, पाच-सहा किलोचा. बिल ८१ किलोचं येतं. परत आला तर पुन्हा ८१. म्हणून पुरवठादाराच्या यादीत खोक्याची तीन मापं नसतील तर त्या आयटमची किंमत ठरवताच येत नाही. भागाची मापं नकोत, खोक्याची हवीत.

ब्रेक डिस्कचं उलटं. लहान खोकं, बिडाचं वजन. जोडी उभी भरली की खोक्याचा तळ फाटतो आणि डिस्कची कड चेपते. आडव्या, मध्ये पुठ्ठा, चारही बाजूंनी पट्टी, हे पुरवठादार करतो का ते विचारा.

शॉक अब्सॉर्बर पाहा. गॅसचा शॉक दांडा आत दाबून पट्टीने बांधलेला येतो. ग्राहकाने पट्टी कापली की दांडा आपोआप बाहेर येतो. ते बरोबरच आहे, पण काही जण तो दोष समजतात. आणि परत पाठवायची वेळ आली की तो मूळ खोक्यात मावतच नाही. वाकडंतिकडं बांधून पाठवतात, दांड्यावर ओरखडा येतो, पुरवठादार परत घ्यायला नकार देतो. खोक्यात चिठ्ठी टाकायला सांगा: "गाडीचं मॉडेल ताडल्याशिवाय पट्टी कापू नये."

काही भाग साध्या पार्सलने पाठवताच येत नाहीत. एअरबॅग आणि सीटबेल्टचे प्रीटेन्शनर धोकादायक मालाच्या यादीत यूएन ३२६८ खाली येतात, ॲसिडची बॅटरी यूएन २७९४, स्प्रेचे डबे यूएन १९५०. डिकीचं झाकण उचलून धरणारे गॅसचे दांडेसुद्धा यूएन ३१६४ खाली येतात, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. पुरवठादाराच्या फाइलमध्ये धोकादायक मालाचा रकाना आहे का बघा. नसेल तर हे गट हाताने शोधून वगळा. खोटं घोषणापत्र देऊन पाठवलेल्या पार्सलची जबाबदारी विकणाऱ्यावर येऊ शकते.

---

चाक_चावी

सगळ्यांचे मनापासून आभार. मूळ फिटमेंट फाइल मागितली आहे. आता दोन शंका. मार्जिन किती धरावं? आणि प्रत्येक ऑर्डरला चॅसी नंबर मागितला तर ग्राहक वैतागून दुसरीकडे जाणार नाही का?

---

उत्तर: जमाखर्च_पाना

मार्जिन टक्क्यांत न धरता एका परतीची किंमत काढा. खालचे आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे घालून बघा.

विक्री १००. पुरवठादाराला ६८, कुरिअर ९, दुकानाचं कमिशन आणि पैसे वळते करण्याचं शुल्क मिळून १४, जाहिरात ४. हातात ५.

आता भाग बसला नाही म्हणून परत आला. जातानाचं कुरिअर ९ गेलं, येतानाचं ९, पुरवठादार परत साठ्यात घ्यायचे १५ टक्के कापतो ते १०.२, पैसे वळते करण्याचं परत न मिळणारं शुल्क ३, जाहिरात ४. एकूण ३५.२. म्हणजे एक परत आलेला भाग सात चांगल्या ऑर्डरी खातो. शंभरातले १२ परत आले तर ८८ ऑर्डरींचे ४४० मिळाले, ४२२.४ गेले. तेरावा आला की खिशातून. म्हणून वरच्या मंडळींनी फिटमेंटवर एवढं लिहिलं आहे. एक परती टाळली की ४०.२ चा फरक पडतो: ३५.२ वाचतात आणि ५ मिळतात.

पुरवठादाराशी लेखी ठरवायच्या गोष्टी: त्याने चुकीचा भाग भरला तर दोन्ही बाजूंचं कुरिअर त्याचं. फिटमेंट फाइल चुकीची निघाली तरी त्याचंच, आणि यावर तो सगळ्यात जास्त ताणून धरतो, तेव्हा इथे सोडू नका. ग्राहकाने चुकीची निवड केली तर परतीचा पत्ता कुठला, किती दिवसांत, खोकं उघडलेलं चालतं का. तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे: माल परत त्याच्या गोदामात गेला पाहिजे, तुमच्या घरी नाही. विजेचे भाग बसवल्यावर बरेच पुरवठादार परत घेत नाहीत. तसं असेल तर ते विकण्याच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा, आणि माल पोहोचतो त्या देशाचा ग्राहक कायदा काय सांगतो तेही बघा. तुमची अट त्याच्या वर जात नाही.

पुन्हा बनवलेले स्टार्टर, अल्टरनेटर, कॅलिपर यांवर जुन्या भागाची अनामत असते. जुना भाग ऑइल काढून, पुरा, नव्याच्याच खोक्यात परत गेला तरच ती मिळते. ड्रॉपशिपिंगमध्ये ही अनामत ग्राहक, तुम्ही आणि पुरवठादार अशा तीन हातांत अडकते. सुरुवातीला हा गट सोडून द्या.

साठ्याची फाइल दिवसातून एकदाच येते म्हणता. तोच साठा इतर विक्रेतेही विकत असतात. सकाळी १ दिसलेला भाग दुपारी नसतो. ३ पेक्षा कमी साठा असेल तर तुमच्या दुकानात शून्य दाखवा. तासातासाला एपीआयने (दोन संगणक प्रणालींमधल्या थेट जोडणीने) साठा मिळाला तर ही मर्यादा १ वर आणता येईल.

बाजारपेठांचे नियम वाचून घ्या. ईबे घाऊक पुरवठादाराकडून थेट माल पाठवू देते, पण दुसऱ्या किरकोळ दुकानातून विकत घेऊन थेट ग्राहकाला पाठवू देत नाही. ॲमेझॉनवर बिल, चिठ्ठी आणि खोकं यांवर विक्रेता म्हणून तुमचंच नाव हवं. पुरवठादाराची चिठ्ठी आत निघाली तर खातं बंद होऊ शकतं. गाडीच्या कंपनीचं नाव "अमुक मॉडेलसाठी" असं लिहा. तिचा लोगो लावणं किंवा बाजारातल्या भागाला "मूळ कंपनीचा" म्हणणं हे वेगळं आणि गुन्ह्याकडे जाणारं.

यादी चढवण्याआधी १० भाग स्वतःच्या पत्त्यावर मागवा, पाच वेगवेगळ्या गटांतले. किती दिवसांत आले, चिठ्ठीवर कुणाचं नाव, खोक्यावरचा नंबर आणि भागावर कोरलेला नंबर एकच आहे का, व्हर्निअर कॅलिपरने घेतलेली मापं फाइलशी जुळतात का. दहापैकी दोन जुळले नाहीत तर तो पुरवठादार सोडा.

---

उत्तर: कॅटलॉग_टेबल

चॅसी नंबरबद्दल. प्रत्येक ऑर्डरला सक्तीने मागू नका, भागाप्रमाणे ठरवा. केबिन फिल्टरला ऐच्छिक. ज्या भागाच्या फिटमेंटमध्ये एकही अट आहे त्याला सक्तीचा. रकान्याशेजारी कारण लिहा: "या गाडीला दोन मापांच्या डिस्क आल्या आहेत, नंबर दिल्यास पाठवण्याआधी ताडून पाहू." कारण दिसलं की लोक आनंदाने देतात. नंबर फक्त ताडण्यासाठी वापरा, काम झालं की खोडा.

फोक्सवॅगन गटाच्या गाड्यांत चॅसी नंबरही नेहमी पुरत नाही. तिथे पीआर कोड लागतो, म्हणजे कारखान्यात त्या गाडीला कुठले पर्याय बसवले ते सांगणारा कोड. डिकीत सुट्या चाकाच्या खळग्याजवळ किंवा सर्व्हिस पुस्तिकेत स्टिकर असतो, त्यावर तीन-तीन खुणांचे कोड छापलेले असतात. पुढच्या आणि मागच्या ब्रेकला वेगळा कोड. ग्राहकाला त्या स्टिकरचा फोटो पाठवायला सांगा. टाइप करायला सांगू नका, हमखास चुकतो.

आटे_आणि_गॅस्केट

फोटोच मागवायचा असेल तर त्याच वेळी जुन्या भागावरच्या नंबराचाही मागवा. फक्त एक बघा: गाडीत आधी कुणीतरी चुकीचा भाग बसवलेला असू शकतो. जुन्या भागाचा नंबर आणि चॅसी नंबरवरून निघालेला नंबर वेगळा आला, तर ऑर्डर थांबवून ग्राहकाला फोन करा.

चाक_चावी

केबिन आणि एअर फिल्टरचे २०० आयटम मापांसकट आधी चढवतो. नमुन्याचे १० भाग आज मागवले. मापं हातात आली की फाइलशी ताडून इथेच टाकतो.